आईची पट्टी

फोन आला तेव्हा भिंगरी चादरीचं एक टोक धरून उभी होती आणि दुसरं टोक इस्त्रीवाल्या मावशींच्या हातात होतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मशिनांची घरघर इतकी असते, की शेजारच्याशी बोलायचं तरी घसा ताणावा लागतो. तिने चादर मावशींच्या अंगावर टाकली आणि फोन कानाला लावून कपड्यांच्या गाठोड्यांमागे गेली.

पलीकडे एक बाई होती. हळू, शब्द जपून वापरणारी. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहातून बोलतेय म्हणाली. कधीच्या काळी बंद पडलेल्या एका रेकॉर्ड कंपनीचं सामान त्यांच्याकडे आलं होतं आणि त्यात भिंगरीच्या आईच्या रेकॉर्डची मूळ टेप निघाली होती. ती नव्याने बाजारात आणायचा विचार होता. त्यासाठी घरच्यांचा होकार हवा होता. इतकं सांगून बाई अडखळली.

"तुम्ही आधी एकदा येऊन ऐकाल का? रेकॉर्डवर आहे तसं नाहीये ते."

भिंगरी हसली. त्यात ऐकायचं काय, मला तोंडपाठ आहे, म्हणाली. पलीकडची बाई काही हसली नाही.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिच्या सख्ख्या मावशीने, आईच्या बहिणीने ठेवलेलं. आईच्या मागे मावशीनेच तिला वाढवलं आणि एका जागी न बसणारी ही पोर बघून तिला दुसरं नाव सुचलंच नाही. आता पन्नाशी जवळ आली, मुलगा नोकरीसाठी लांब गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी लाँड्रीत ती अजून भिंगरीच होती. दुसरीची एक चादर घडी होईपर्यंत हिच्या दोन होत. वॉर्डातून रागावून फोन आला की हीच तो घेई आणि समोरच्याला हसवून ठेवी. हिला सेल कुठे घालतात ते एकदा शोधून काढलं पाहिजे, असं इस्त्रीवाल्या मावशी म्हणत.

ती चार वर्षांची असताना आई गेली. नदीच्या धक्क्यावर फिरायला गेली होती, पाय घसरला, असं घरात सांगितलं जाई. आई पियानो वाजवायची. तिची एकच रेकॉर्ड निघाली, तीही ती गेल्यानंतर. तो एक कॉन्चेर्टो होता, म्हणजे एका बाजूला एकटा पियानो आणि दुसऱ्या बाजूला अख्खा वाद्यवृंद, दोघं एकमेकांशी बोलतायत अशी तीन भागांची मोठी रचना. वडील त्याच कंपनीत ध्वनिमुद्रक होते. आईचं वाजवणं त्यांनीच टेपवर घेतलं होतं आणि टेपवरचा आवाज तबकडीवर कोरून रेकॉर्डही त्यांनीच कापली होती.

भिंगरीला आईचा चेहरा आठवत नव्हता. फोटो होते, पण फोटोतल्या बाईला हात लावावासा वाटेना. तिची आई म्हणजे ती रेकॉर्ड. लहानपणी ती वडिलांना "रेकॉर्ड लावा" म्हणत नसे, "आई लावा" म्हणे. मग ते लावत आणि खोलीभर ते वाजवणं पसरे. चपळ, लख्ख, बोटांना उसंत म्हणून नाही. मधला भाग तेवढा जरा संथ, पण तोही पुढे जायच्या घाईत असल्यासारखा. पाकिटावर मागे कुणीतरी 'तेजस्वी आणि खेळकर' असं छापलेलं होतं. आई कशी होती असं विचारलं की मावशी म्हणे, ऐकतेस ना, तशीच होती, पाऱ्यासारखी. आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगे, पोर आईवर गेलीये हो.

ती आईवर गेलेली नाही, हे एकट्या भिंगरीला माहीत होतं.

तिचे काही दिवस असे येत, की सकाळी डोळे उघडले तरी अंग उचलत नसे. मशिनमधून न पिळता काढलेल्या चादरींचा ढीग छातीवर ठेवावा, तसं वाटे. कारण काही नसे. घरात सगळं ठीक असे. मग ती कशीबशी न्हाणीघरापर्यंत जाई, दार लावी, नळ सोडी आणि खाली फरशीवर बसून राही. पाण्याच्या आवाजात रडता येतं आणि बाहेरच्याला वाटतं आंघोळ चालू आहे. हे तिने लग्नाआधीही केलं आणि लग्नानंतरही. नवऱ्याला कधी कळलं नाही, तो बिचारा बाहेरून लवकर आटप म्हणून सांगे. थोड्या वेळाने ती चेहरा धुऊन, एखादा विनोद तोंडात घेऊनच बाहेर येई. पण मनात खजील असे. आईने असं केलं नसतं, तिला वाटे. आई असती तर म्हणाली असती, ही कुणाची मुलगी?

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती संग्रहात गेली. खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं होतं, बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. फोनवरची बाई तिच्यापेक्षा बरीच लहान निघाली. चष्मा दोरीने गळ्यात, हाताला पांढरे मोजे. तिने आधी रेकॉर्डचा सुरुवातीचा तुकडा लावला, मग मोठ्या मशीनवर टेप चढवली आणि तोच तुकडा टेपवरून ऐकवला.

पहिल्यांदा भिंगरीला वाटलं, टेप जुनी होऊन ढिली पडली असेल. सूर खाली उतरले होते. सगळं जड झालं होतं.

टेप ठीक आहे, बाईने सांगितलं. मग तिने सोप्या शब्दांत समजावलं. आई ज्या पट्टीत वाजवायला बसली ती पांढरी दोन. गंभीर, थोडी काळोखी अशी ती रचना, लिहिणाऱ्याने तशीच लिहिलेली. पण रेकॉर्डवर ऐकू येते ती काळी दोन, म्हणजे अर्धा स्वर वर. टेप जरा जोरात फिरवली की सूर चढतो आणि गतीही वाढते, दोन्ही एकदमच. फरक म्हटला तर बोटभर. पण त्या बोटभर फरकाने माणूस बदलतं.

"मशीन बिघडलं असेल तेव्हा," भिंगरी म्हणाली.

"त्याच मशीनवर त्याच दिवसांत कापलेल्या बाकीच्या रेकॉर्ड आम्ही तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत." बाईने मोजे काढून टेबलावर ठेवले. "कापणारे कोण होते ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून त्यांना फोन न करता तुम्हाला केला."

पुढचं लावा, एवढंच भिंगरी म्हणाली.

पहिला भाग तिने हात मांडीवर घट्ट धरून ऐकला. एखाद्या ओळखीच्या घरात रात्री दिवे गेल्यावर चाचपडत फिरावं तसं होत होतं. वळणं माहीत होती, पण प्रत्येक भिंत अपेक्षेपेक्षा उशिरा हाताला लागत होती. मग मधला भाग सुरू झाला. त्याच्या सुरुवातीला पियानो एकटाच आहे. आई एक सूर वाजवी आणि तो पूर्ण विझेपर्यंत थांबे. पुढचा सूर येणारच नाही असं वाटायला लागलं की मग तो येई. मागे वाद्यवृंद वाट बघत होता. इतकी माणसं तिच्यासाठी श्वास धरून बसलीयेत, हे ऐकू येत होतं.

आणि त्या सुरांच्या खाली अजून काहीतरी होतं. रेकॉर्डवरही ते होतं, पण खरखरीत बुडालेलं. लहानपणी भिंगरीला वाटे ते आईचं स्टूल कुरकुरतंय, आणि वडिलांनीही कधी नाही म्हटलं नव्हतं. इथे खरखर नव्हती. ते स्टूल नव्हतं. वाजवता वाजवता आई कण्हत होती. गुणगुणणं म्हणा हवं तर. पण भिंगरीने तो आवाज लगेच ओळखला, कारण तो तिच्या स्वतःच्या गळ्यातून निघालेला तिने ऐकला होता. नळाच्या पाण्याखाली.

"बंद करा," ती म्हणाली.

बाईने लगेच बंद केलं आणि पाणी आणून दिलं. मग थोडं संकोचून म्हणाली, की इथे प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत गती, पट्टी आणि भाव अशा तीन गोष्टी लिहाव्या लागतात. पहिल्या दोन तिने लिहून टाकल्या होत्या. तिसरीपाशी ती चार दिवस अडकली होती. पाकिटावरचं 'खेळकर' तिच्याने लिहवेना.

"आत्ता काही नका लिहू," भिंगरी म्हणाली. "रिकामं राहू दे."

बाईने टेपची नक्कल एका सीडीवर करून दिली. भिंगरी बस सोडून पायी निघाली. चालता चालता तिच्या लक्षात आलं, की लोक तिला ओलांडून पुढे जातायत. आयुष्यात तिला कुणी असं ओलांडून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडिलांकडे गेली. ते एकटेच राहत, तिसऱ्या मजल्यावर. कान आता जवळजवळ गेले होते. डाव्या कानात यंत्र घालत, तेही त्याला शिव्या देत. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज निगुतीने जपले आणि आता फुकटात मिळालेला हा पत्र्याचा आवाज कानात घालून बसलोय, म्हणत. ती आली तेव्हा ते खिडकीपाशी बसून सुईदोऱ्याने शर्टाचं बटण लावत होते. तिने पर्समधून सीडी काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. वर आईचं नाव आणि रचनेची पट्टी लिहिलेली होती.

त्यांनी ते वाचलं. सुई शर्टात तशीच खोचून शर्ट बाजूला ठेवला.

"सापडली म्हणजे," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं कंपनीला पुसून टाका म्हणून."

भिंगरीला वाटलं होतं, ती भांडेल. रस्त्याने येताना तिने वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण त्यांच्याकडे बघून ती सगळी कुठच्या कुठे गेली. ती समोर बसली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "का केलंत, बाबा?"

त्यांनी सांगितलं ते अगदी साधं, एखाद्याला कामाची पद्धत समजावून सांगावी तसं. त्या दिवशी आई सकाळपासून बोलत नव्हती. तिचे असे दिवस असत. पण स्टुडिओ ठरलेला, वाद्यवृंद आलेला, तीही म्हणाली जाऊ या. ती वाजवायला बसली आणि तालमीत वाजवत होती त्याच्यापेक्षा कितीतरी सावकाश वाजवायला लागली. वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकांनी दोनदा तिला पुढे ओढायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि सगळा वाद्यवृंद तिच्या मागून चालायला लागला. वडील काचेच्या मागे, मशीनपाशी.

"मी काटे बघत होतो," ते म्हणाले. "आवाज फार चढत नाही ना, फार पडत नाही ना, ते दाखवणारे. काटे ठीक होते. म्हणून मला वाटलं, सगळं ठीक आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. रेकॉर्ड कापायचं काम त्यांच्याच टेबलावर येऊन पडलं. दुसऱ्या कुणाला देववेना. टेप लावली आणि ऐकवेना. घरी चार वर्षांची पोर, रोज विचारणारी की आई कुठे गेली. मशीनला वेग कमीजास्त करायची एक चावी होती. ती त्यांनी किंचित फिरवली, नुसतं बघावं म्हणून.

"आणि ती उठून बसली, गं." ते टेबलाकडे बघत होते. "आजारातून उठावी तशी. मला वाटलं, हीच द्यावी तुला."

वाद्यवृंदातलं कुणी काही बोललं नाही का, असं भिंगरीने विचारलं. संचालकांनी एकदा विचारलं होतं, आपण इतकं जलद वाजवलं होतं का? वडील हो म्हणाले. गेलेल्या माणसाच्या बाबतीत कुणी फार खोलात शिरत नाही. मावशीला मात्र ठाऊक होतं. तिनेच म्हटलं होतं, असू दे अशीच, पोरीला बरं.

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. भिंगरी थोडा वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग जे विचारायला आली होती ते तिने विचारलं. आईचा पाय घसरला होता का?

"घसरला असं मी सगळ्यांना सांगितलं," ते म्हणाले. "तिथे कुणी नव्हतं. मीही नव्हतो. मला माहीत नाही. रेकॉर्ड लावायचो ना तुझ्यासाठी, ती संपायची आणि माझ्या डोक्यात तुझी आई अजून मागेच असायची. तिच्या वेगाने येत असायची. वाटायचं, येऊन पोचली की सांगेल."

"बाबा, माझ्यातही ते आहे," भिंगरी म्हणाली. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं असं एका वाक्यात बाहेर पडलं, याचं तिलाच नवल वाटलं. "लहानपणापासून आहे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू नळ सोडून बसायचीस ते." त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं आणि परत घातलं. "तीही नळच सोडायची. नुसता नळ सोडून बसलं की पाण्याचा आवाज एकसारखा राहतो. अंगावर घेतलं की तो बदलतो. माझा धंदाच तो, मला कळायचं. मग मी पटकन जाऊन रेकॉर्ड लावायचो. तुला बरं वाटावं म्हणून."

भिंगरीला ते दिवस आठवले. फरशीवर बसलेली ती आणि दाराबाहेर तो पियानो, धावत सुटलेला. त्याच्या बरोबरीने पळता येत नाही म्हणून ती अजूनच रडे. आईचं वाजवणं तिला दरवेळी हेच सांगे, की बघ, मी कशी, आणि तू कशी. ते सगळं तिच्या ओठांवर आलं. पण बटण अर्धवट लावलेला तो शर्ट टेबलावर पडला होता, समोर हे म्हातारं माणूस बसलं होतं, आणि त्याने जे केलं ते त्याच्या परीने औषधच होतं. चुकीचं, पण औषध. ती उठली आणि तो शर्ट घेऊन उरलेलं बटण तिने लावून टाकलं. दोरा दातांनी तोडला.

मग तिने सांगितलं, की संग्रहातल्या लोकांना ती टेप बाजारात आणायचीये आणि त्यांनी विचारलंय. वडील म्हणाले, ती तुझी आई, तू ठरव.

"काढू दे," ती म्हणाली. "पण तिच्या वेगाने."

त्यांनी मान हलवली. त्या मानेत होकार किती आणि हार किती, हे तिला कळलं नाही.

वडिलांकडचे स्पीकर जुने पण नामी होते. कान गेले तरी त्यांनी ते विकले नव्हते. भिंगरीने सीडी लावली आणि आवाज चढवला, खालच्या मजल्यावरचे येतील तेव्हा बघू म्हणून. वडिलांनी खुर्ची ओढून अगदी स्पीकरपाशी घेतली. या वेळी तिने बंद केलं नाही. मधल्या भागात तो आवाज आला, सुरांखालचा, तेव्हा वडिलांनी डोळे मिटले. त्यांना तो कितपत ऐकू येत होता कोण जाणे. तीही खाली, त्यांच्या खुर्चीला टेकून फरशीवर बसली. दार उघडंच होतं. तिला पहिल्यांदाच असं वाटलं, की आई कुठे पुढे निघून गेलेली नाही. ती इथेच आहे, हळूहळू चालतेय, आणि तिला गाठायला धावायची काही गरज नाही.

तिसरा भाग संपला. रेकॉर्डवर शेवटच्या सुरानंतर नुसती खरखर असे. टेप मात्र पुढे चालू राहिली होती. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. मग पियानोच्या अगदी जवळून एक बाईचा आवाज आला. भिंगरीच्या आठवणीत तो पहिल्यांदाच तिच्या कानावर पडत होता. तो जाडसर होता, थकलेला होता आणि तिच्या स्वतःच्या आवाजासारखा होता.

"ऐकतोयस ना?" आई म्हणाली. "परत एकदा वाजवू का?"

टेपवर उत्तर नव्हतं. काचेमागून त्यांनी काही सांगितलं असेल तर ते टेपवर उतरलं नव्हतं. नुसती स्टुडिओतली शांतता फिरत राहिली.

"नको," वडील म्हणाले. "दमलीयेस तू. ये बाहेर."

स्टुडिओत काचेपलीकडच्या माणसाशी बोलायचं तर एक बटण दाबून धरावं लागे. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर दाबलेला होता, नख पांढरं पडेपर्यंत. शांतता संपली, सीडी थांबली, तरी त्यांनी तो उचलला नाही.